गेमिंग लॅपटॉप घेताय? स्टिकरला नाही, वॉटला पैसे द्या

लॅपटॉपच्या टचपॅडशेजारी ग्राफिक्स कार्डाचा जो स्टिकर असतो, त्यावर कार्डाचं नाव असतं. ते कार्ड त्या लॅपटॉपात किती वॉटवर चालणार, हे मात्र नसतं, आणि गेमचा वेग बराचसा त्याच आकड्यावर ठरतो. लॅपटॉपचं आरटीएक्स 4060 हे एनव्हिडियाचं कार्ड कंपन्या 35 वॉटपासून 115 वॉटपर्यंत कुठेही बसवू शकतात. त्यामुळे बारीक, देखण्या लॅपटॉपातलं कमी वॉटचं 4060 हे जाडजूड लॅपटॉपातल्या पूर्ण वॉटच्या, एक पायरी खालच्या 4050 पेक्षा मागे पडू शकतं, आणि तरी महाग असतं. बहुतेकांचे जास्तीचे दहा-वीस हजार इथेच जातात.

पण त्याआधी एक विचारून घ्या: लॅपटॉपच हवाय का? मशीन वर्षभर घरातल्या टेबलावरच राहणार असेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त वेगवान मिळतो, थंड चालतो आणि पुढे एकेक पार्ट बदलता येतो. कॉलेजला न्यायचा असेल, होस्टेलवर राहायचं असेल, किंवा घरात वेगळं टेबल ठेवायला जागाच नसेल (ठाण्यातल्या वन बीएचकेत हे अगदी खरं कारण आहे), तर लॅपटॉप बरोबर.

आधी गेमची यादी, मग बजेट

कागदावर तुम्ही खरंच खेळता ते चार-पाच गेम लिहा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2, ईए एफसी, जीटीए 5 एवढीच यादी असेल, तर 6 जीबी मेमरीचं 3050 किंवा 4050 पुरतं. सायबरपंक 2077 सारखे जड गेम, ब्लेंडरचं (थ्रीडी चित्रांचं) काम किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल, तर 8 जीबी मेमरीच्या कार्डाखाली उतरू नका.

बजेट ठरलं की त्यातले आठ-दहा टक्के बाजूला काढा. माऊस, स्टँड, चांगली बॅग, वाढीव वॉरंटी, कदाचित रॅमची एक स्टिक, हे सगळं त्यातून येणार आहे. हातात 90 हजार असतील तर लॅपटॉप 82 हजारांपर्यंतचा शोधा.

दोन मॉडेलांत अडकलात तर सरळ भागाकार करा. समजा एक 80 हजारांचा आणि दुसरा 1 लाखाचा आहे. तुमच्या गेममध्ये, त्याच सेटिंगवर, पहिला सेकंदाला 70 फ्रेम, म्हणजे 70 चित्रं, देतो आणि दुसरा 84. म्हणजे 25 टक्के जास्त पैसे मोजून 20 टक्के जास्त फ्रेम मिळतात, आणि 70 फ्रेमवर खेळ मुळातच गुळगुळीत चालतो. तेच 45 फ्रेमवरून 60 वर जाणं असेल तर फरक डोळ्यांना जाणवतो, तिथे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. ही तुलना करताना त्याच मॉडेलचा रिव्ह्यू बघा. त्याच कार्डाच्या दुसऱ्या लॅपटॉपचा चालणार नाही.

वॉट, मेमरी आणि नावांची फसगत

वॉटचा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी किंवा मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर या नावाने असतो. काही कंपन्या त्यात डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे गरजेनुसार कार्डाला तात्पुरते जास्तीचे मिळणारे, 25 वॉट मिळवून सांगतात, काही नाही. एकाचे 115 आणि दुसऱ्याचे 140 हे कधीकधी एकच असतात, म्हणून दोन्हीकडे बूस्ट धरलाय की नाही ते बघूनच तुलना करा. 4050 आणि 4060 यांना साधारण 100 वॉटच्या पुढे फारसा फायदा होत नाही. तेव्हा 50-60 वॉटचं टाळा, पण 105 सोडून 140 साठी जास्त पैसे देऊ नका.

दुकानात डेमो पीस चालू असेल तर स्वतः बघता येतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, वरच्या हेल्प मेनूत सिस्टिम इन्फर्मेशनवर जा. उजवीकडच्या यादीत मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवरसमोर वॉट लिहिलेले असतात. "दादा, दोन मिनिटं बघू का?" असं विचारलं की बहुतेक दुकानदार बघू देतात. जो अजिबात हात लावू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून तिथे काटकसर करायची नाही. 4 जीबी आता अपुरी आहे. जड टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) मेमरीत मावलं नाही की कार्ड ते साध्या रॅममधून ओढत बसतं. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर किंवा मोठ्या मारामारीत खेळ झटके खातो. 3050 चे 4 जीबी आणि 6 जीबी असे दोन प्रकार आहेत आणि स्टिकर दोघांवर सारखाच, तेव्हा विचारून खात्री करा.

लॅपटॉपचं 4070 आणि डेस्कटॉपचं 4070 यांची चिपच वेगळी आहे. डेस्कटॉपवाल्यात 12 जीबी मेमरी, लॅपटॉपवाल्यात 8. म्हणजे लॅपटॉपचं 4060 आणि 4070 मेमरीत सारखीच. 50 च्या मालिकेतही 5060 आणि 5070 दोन्ही 8 जीबीची, 12 जीबी मिळते ती थेट 5070 टीआय मध्ये. म्हणून मधल्या 70 च्या पायरीसाठी फार मोठा फरक मागत असतील तर 60 वरच थांबा.

"दुप्पट वेग" अशा जाहिरातीत बऱ्याचदा फ्रेम जनरेशन धरलेलं असतं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड स्वतः तयार केलेल्या फ्रेम घालतं. चित्र गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद काही त्या प्रमाणात सुधारत नाही, शिवाय ते कार्डाची मेमरीही खातं. आधी खऱ्या 50-60 फ्रेम येत असतील तरच त्याचा उपयोग आहे.

प्रोसेसरवर उगाच खर्च नको

गेमसाठी सहा-आठ कोअरचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरे. इंटेलचा आय5 सोडून आय7 साठी दिले जाणारे पैसे ग्राफिक्स कार्डात घातले तर जास्त कामाला येतात. पिढीचा आकडाही नीट बघा. कोअर आय5-12450एच आणि आय5-13420एच या दोघांतही चार मोठे, चार छोटे असे आठच कोअर आहेत, वेगात किंचित फरक. केवळ "13 वी पिढी" म्हणून चार हजार जास्त देण्यात काही हशील नाही.

एएमडीच्या 7000 क्रमांकांत तिसरा आकडा बघायचा: 7535एचएस मधला 3 म्हणजे जुनी रचना, 7840एचएस मधला 4 म्हणजे नवी. रायझन 7 7435एचएस हा स्वस्त लॅपटॉपांत दिसतो आणि खेळायला चांगलाही आहे, पण त्यात इनबिल्ट ग्राफिक्स (प्रोसेसरमधलंच छोटं ग्राफिक्स) नाही. नुसतं ब्राउझर उघडलं तरी मोठं कार्डच चालतं आणि बॅटरी भराभर उतरते. चार्जर लावूनच वापरणार असाल तर बिनधास्त घ्या. लेक्चरला न्यायचा असेल तर घेऊ नका.

रॅम आणि एसएसडी

16 जीबी हवी, आणि ती 8-8 च्या दोन स्टिकमध्ये असली तर उत्तम. एकच स्टिक असेल तर मेमरीचा रस्ता अर्धाच वापरला जातो आणि प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये फ्रेम पडतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. तिथे "स्लॉट्स यूज्ड" समोर 1 ऑफ 2 दिसलं की एक जागा रिकामी आहे असं समजा. काही बारीक मॉडेलांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे नंतर काही करता येत नाही. पूर्वी 8 जीबीवर लॅपटॉप घेऊन नंतर स्वस्तात रॅम वाढवायचे. 2025 च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जोरात चढल्या आहेत, तेव्हा आजचा स्टिकचा भाव विचारूनच तो हिशेब करा. पुष्कळदा कंपनीनेच 16 जीबी घालून दिलेलं मॉडेल स्वस्त पडतं.

एसएसडी 512 जीबीची चालेल. एकेक मोठा गेम 100 जीबीच्या पुढे जातो, म्हणून दुसरा एम.2 स्लॉट (आणखी एक एसएसडी लावायची जागा) आहे का एवढं पाहून ठेवा.

स्क्रीन: इथेच हात आखडतात

स्वस्त दिसणाऱ्या लॅपटॉपात कंपनीने पैसे वाचवलेले असतात ते बहुधा स्क्रीनवर. स्पेसिफिकेशनमध्ये 45 टक्के एनटीएससी (रंगांचं माप) आणि 250 निट्स (उजेडाचं माप) लिहिलं असेल तर रंग फिके, धुतल्यासारखे दिसणार, आणि खिडकीजवळ बसलं की स्क्रीन नीट दिसणार नाही. 100 टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) आणि किमान 300 निट्स शोधा. यासाठी तीन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, कारण स्क्रीन रोज तासन्‌तास डोळ्यांसमोर असते आणि नंतर बदलणं महागात जातं.

स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते हर्ट्झमध्ये सांगतात: 144 हर्ट्झ पुरे, 165 चा फरक कळत नाही. आणि 4050-4060 साठी 2560 बाय 1600 च्या स्क्रीनच्या मागे लागू नका. त्यात सुमारे 41 लाख पिक्सेल असतात, 1920 बाय 1080 मध्ये सुमारे 21 लाख. कार्डाला जवळपास दुप्पट काम पडतं. कार्ड थेट स्क्रीनला जोडणारा मक्स स्विच आहे का तेही विचारा. तो नसेल तर प्रत्येक फ्रेम इनबिल्ट ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येते आणि थोडा वेग वाया जातो.

आपल्याकडची हवा

शोरूममध्ये एसी चालू असतो, तिथे फॅनचा आवाजही येत नाही. मे महिन्यात कळव्यात किंवा नेरुळला एसी नसलेल्या खोलीत तापमान 32-33 अंश असतं, आणि खोली जितकी गरम तितकी आतली चिपही जास्त तापते. साधारण 95-100 अंशांना पोचली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणून दोन फॅन आणि मागच्या बाजूने हवा सोडणारा थोडा जाड लॅपटॉप आपल्याकडे जास्त उपयोगाचा. मागची कड दोन-तीन सेंटीमीटर उचलली की खालून हवा घ्यायला जागा मिळते, त्यासाठी साधा स्टँड पुरतो. गादीवर ठेवून खेळलात तर खालच्या जाळ्या बंद होतात. घोडबंदर रोडसारख्या धुळीच्या रस्त्यालगत घर असेल तर सहा महिन्यांनी फॅन साफ करून घ्या.

रोज लोकलने जाणाऱ्यांनी वजनात चार्जरही धरावा. लॅपटॉप 2.3 किलोचा आणि 200-230 वॉटचा चार्जर वर अर्धा-पाऊण किलो. ठाण्याहून सकाळच्या फास्टमध्ये हे पाठीवर नाही, पुढे छातीशी धरून उभं राहायचंय. नुसत्या बॅटरीवर गेम नीट चालत नाही, कारण बॅटरी कार्डाला तेवढे वॉट देऊ शकत नाही. टाइप-सीच्या 100 वॉट चार्जरवर ऑफिसचं काम होतं, गेमिंग होत नाही.

खरेदीच्या दिवशी

ऑनलाइन भाव लिहून घ्या आणि मग ठाण्यात गोखले रोड, वाशीत सेक्टर 17 अशा ठिकाणी दोन-तीन दुकानांत विचारा. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला जायचं तर ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडा. रॅम, एसएसडीसाठी तो फेरा सार्थकी लागतो. लॅपटॉपला मात्र घराजवळचं दुकान बरं, तक्रार असली तर उभं राहता येतं.

"बिल नको, थोडं कमी करतो" याला भुलू नका. पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर सीरियल नंबर हवाच. तो नंबर पैसे देण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. आधीच सुरू झालेली दिसली तर तो पीस कुणीतरी परत केलेला किंवा डेमोचा असू शकतो. वॉरंटी ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्ती) आहे की सर्व्हिस सेंटरला न्यावं लागेल, हेही तेव्हाच विचारा.

नो कॉस्ट ईएमआय पूर्ण फुकट नसतो. व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी लागते, आणि कधीकधी रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बुडते. दोन्हींची एकूण रक्कम लिहून काढा, मग ठरवा. डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप स्वस्त दिसला तर विंडोजच्या लायसन्सचा खर्च त्यात मिळवा.

ऑनलाइन मागवला तर खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा. बदलून मिळायची मुदत बऱ्याचदा 7 दिवसांचीच असते, म्हणून पहिल्याच संध्याकाळी तपासणी उरका. पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या चित्रावर मृत पिक्सेल आणि कडेचा उजेड बघा, सगळे पोर्ट, कॅमेरा, कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघा. मग यादीतला सगळ्यात जड गेम चार्जर लावून सलग तासभर चालवा. पहिल्या दहा मिनिटांत मिळालेल्या फ्रेम आणि शेवटच्या दहा मिनिटांतल्या फ्रेम यांत मोठी तफावत असेल, किंवा लॅपटॉप मध्येच बंद पडला, तर दुसऱ्या दिवशीच बदलून मागा. सगळं ठीक असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन बॅटरी चार्जची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवा आणि बिलाचा फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडून जाते, आणि वॉरंटीला बिल लागतंच.