‘सुल्तेन’ तोंडात बसवायचा तर
माझी लेक ऑस्लोला असते. नातवाला मराठी कळतं, पण उत्तर नॉर्वेजियनमध्ये येतं. आजीला जेवणाचं विचारल्याशिवाय चैन कुठलं? म्हणून ‘सुल्तेन’, म्हणजे नॉर्वेजियनमधला ‘भुकेला’, हा एक शब्द मी घोटून घेतला. सोलापुरात 31 वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलं, ते इथं कामी आलं.

आधी आपलं ‘मला’ सोडा. ‘मला भूक लागली’ अशी रचना तिकडे नाही. ‘याय एर सुल्तेन’, म्हणजे सरळ ‘मी भुकेला आहे’. सुरुवातीला जीभ अडते, कारण आमच्या गल्लीत भूक नेहमी ‘मला’च लागते. शेजारच्या तेलुगू काकू ‘नाकू आकली’ म्हणतात, वरचे कानडी अप्पा ‘ननगे हसिवु’.

आता शब्दाची फोड. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेत, ‘स्वेल्ता’ म्हणजे उपासमार होणं. त्याचं धातुसाधित ‘सोल्तिन’, त्यावरून ‘सुल्तेन’. थोडक्यात, आपल्या ‘भुकेलेला’, ‘तहानलेला’ यांच्याच पंगतीतला. त्याचा इंग्रजी भाऊबंद ‘स्वेल्टन’ जुन्या काळी चक्क ‘मरणे’ या अर्थी होता. आपली भूक ‘बुभुक्षे’तून आली, म्हणजे खाण्याची इच्छा. आपल्या शब्दात निदान ताट तरी दिसतं!

रूपं तीनच. मुलगा असो की मुलगी, ‘सुल्तेन’. नपुंसकलिंगी नामाला शेवटी ‘त’ जोडा: ‘एत सुल्तेन्त बार्न’, भुकेलेलं मूल. ‘बार्न’ नपुंसक, आपलं ‘मूल’ही नपुंसक, हे फुकटात मिळालं. अनेकवचनात ‘सुल्तने’. मधला ए गळतो, कापूसचं ‘कापसाला’ करताना ऊ गळतो तसा. ‘तो भुकेला मुलगा’ असं नेमकं म्हणायचं तरी ‘सुल्तने’च: ‘देन सुल्तने गुट्टेन’.

डॅनिशमध्येही हाच शब्द. स्वीडनला मात्र ‘हुंग्रिग’ म्हणा. तिकडचा ‘स्वुल्तेन’ उपासमार झालेल्यासाठी.

आणि माझ्यासारखं फसू नका. नातू म्हणजे मूल, मूल नपुंसक, असा हिशेब करून मी विचारलं, ‘एर दू सुल्तेन्त?’ पोरगं खो खो हसलं. समोरच्या ‘तू’ला साधं ‘सुल्तेन’च.

काल बरोबर विचारलं. ‘नाय,’ म्हणाला. नॉर्वेजियन नकार तोच, ऐकायला अगदी आपला. आणि मी डब्यात भरत होते त्या शेंगा चटणीकडे बोट दाखवलं.