उत्तरकालीन रोमन चांदीची नाणी ओळखताना या चुका टाळा

चौथ्या शतकातलं रोमन नाणं हातात आलं की बहुतेकांची नजर आधी चेहऱ्यावर जाते, आणि घोळ तिथेच होतो. डोक्याला मोत्यांची पट्टी बांधलेला तो सम्राट वालेन्स असो की पहिला वालेन्टिनियन, कोरणी जवळपास एकच. कडेचं नाव अक्षर-अक्षर वाचल्याशिवाय सम्राट ठरवू नका.

दुसरी चूक रंगाची. त्या काळच्या कितीतरी तांब्याच्या नाण्यांवर चांदीचा पातळ मुलामा असे. हारात 'व्होट' लिहिलेलं दिसलं म्हणजे चांदीच, असंही नाही; तोच नवसाचा मजकूर तांब्यावरही आहे. म्हणून मागच्या बाजूला तळाशी असलेली टाकसाळीची अक्षरं भिंगातून पाहा. वालेन्सच्या सिलिक्वावर, म्हणजे त्या काळच्या लहान चांदीच्या नाण्यावर, सिंहासनावर बसलेली रोमा देवी असते, हातात विजयदेवी, आणि खाली 'टी आर पी एस'. 'टी आर' म्हणजे आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरची टाकसाळ, 'पी एस' म्हणजे शुद्ध केलेली चांदी. मला चेहऱ्यापेक्षा ही चार अक्षरं कितीतरी जास्त भरवशाची वाटतात. मात्र सम्राट ज्युलियनच्या नाण्यावर 'कॉन' किंवा 'कॉन्स्ट' दिसलं की लगेच कॉन्स्टँटिनोपल म्हणू नका. फ्रान्समधल्या आर्ल शहराचं तेव्हाचं नाव कॉन्स्टँटिना होतं. इथे भलेभले फसतात.

वजन जरूर करा, पण कोणत्या काळाचं नाणं आहे ते धरून. सम्राट डायोक्लेशियनच्या अर्जेंटियस या चांदीच्या नाण्याचे एका रोमन पौंडात ९६ नग बसत, म्हणजे नग सुमारे ३.४ ग्रॅमचा. इ.स. ३५० नंतरच्या दशकातली सिलिक्वा दोन ग्रॅमच्या आसपास. त्याहून हलकी भरली म्हणून खोटी ठरवू नका. ब्रिटनमध्ये कडा कातरून चांदी काढून घेत, चेहरा मात्र शाबूत ठेवत. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सनला सापडलेल्या ठेव्यात चांदीची १४ हजारांवर नाणी होती, आणि त्यातली बहुसंख्य अशीच कातरलेली. कडेची अक्षरं गेली असतील तर एकाच सम्राटाचा हट्ट धरू नका, शक्य ती दोन-तीन नावं लिहून ठेवा.

आपल्याकडे कुणी 'दक्षिणेत सापडलेली सिलिक्वा' म्हणून विकत असेल तर सावध राहा. दक्षिण भारतात सापडणारी रोमन चांदी मुख्यतः ऑगस्टस-टायबेरियस या सुरुवातीच्या सम्राटांच्या दिनार नाण्यांची. उत्तरकाळातलं सापडतं ते बहुतेक तांबं आणि थोडं सोनं.

खणखणीत आवाज येतो का, हे पाहायला नाणं फरशीवर टाकू नका. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, तुकडे पडतात. आणि टूथपेस्टने तर मुळीच घासू नका.