लठ्ठपणाची जनुकं आणि पाळी थांबल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

जनुक तपासणीच्या रिपोर्टवर ‘एफटीओ: जास्त धोका’ (एफटीओ हे लठ्ठपणाशी जोडलेलं एक जनुक) असं छापलेलं दिसलं की अनेकजणी थेट कर्करोगापर्यंत पोचतात. जनुक लठ्ठपणाचं, पाळी थांबल्यावर लठ्ठपणाने स्तनाचा कर्करोग वाढतो, म्हणजे मला तो होणारच! हा हिशेब पटण्यासारखा वाटतो, पण चुकीचा आहे. त्या धसक्यात जे करायला हवं तेच राहून जातं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

पहिली चूक जनुकाचं वजन जास्त धरण्याची. एफटीओचा लठ्ठपणाशी असलेला संबंध २००७ मध्ये पुढे आला. त्याचा जोखमीचा प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही आला असेल, तर अशा माणसांचं वजन इतरांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त भरतं. फक्त ३ किलो. वजनाशी निगडित असे शेकडो जनुकीय फरक आता माहीत आहेत. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात ते सगळे एकत्र धरूनही माणसामाणसांतल्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) फरकाचा जेमतेम ६ टक्के भाग उलगडला.

त्याहून मोठी चूक म्हणजे ‘लठ्ठपणाचं जनुक’ आणि ‘लठ्ठपणा’ एकच समजणं. बीएमआय वाढवणारे जनुकीय फरक ज्यांच्यात जास्त आहेत, त्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका, पाळी थांबल्यानंतरचाही, उलट थोडा कमी आढळला आहे. वाचून गोंधळ उडतो, मान्य आहे. पण जनुकं जन्मापासून काम करतात, आणि लहानपणी अंगाने भरलेल्या मुलींना पुढे हा कर्करोग कमी होतो असं अभ्यासांतून दिसतं. लहानपणच्या त्या वजनाचा प्रभाव जनुकांच्या आकड्यात मिसळलेला असतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. याचा अर्थ मुलींचं वजन वाढू द्यावं असा मुळीच नाही. लहानपणच्या लठ्ठपणाचे इतर तोटे पुष्कळ आहेत. अर्थ एवढाच, की एफटीओच्या निकालावरून कर्करोगाचं भाकीत करता येत नाही.

धोका वाढवते ती मोठेपणी चढलेली आणि पाळी थांबल्यावर अंगावर राहिलेली चरबी. अंडाशयाचं काम थांबलं तरी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनणं थांबत नाही. चरबीतलं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) इतर संप्रेरकांपासून ते तयार करत राहतं. चरबी जितकी जास्त, तितकं इस्ट्रोजेन जास्त, आणि स्तनाच्या बऱ्याच कर्करोगांना तेच खतपाणी घालतं. जोडीला रक्तातलं इन्सुलिनही वाढतं. बीएमआय ५ अंकांनी वाढला की पाळी थांबल्यानंतरचा धोका साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. पाळी चालू असतानाचं चित्र वेगळं असतं, म्हणून तिशीतल्या मैत्रिणीला लागू पडणारी माहिती स्वतःला लावू नका.

‘माझा बीएमआय नॉर्मल आहे’ एवढ्यावरही निर्धास्त राहू नये. पाळी थांबलेल्या आणि बीएमआय नॉर्मल असलेल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात, ज्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण सर्वांत जास्त होतं, त्यांचा धोका सर्वांत कमी चरबी असलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजा.

‘जनुकातच आहे, मग डाएट करून काय उपयोग?’ ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण तिच्यामुळे बाई प्रयत्नच सोडून देते. एफटीओचा जोखमीचा प्रकार असलेली माणसंही आहार आणि व्यायामाने इतरांइतकंच वजन उतरवतात. अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये तर या जनुकाचा लठ्ठपणावरचा परिणामच सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. पन्नाशीपुढच्या १ लाख ८० हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती २०२० मध्ये एकत्र तपासली गेली. हार्मोनच्या गोळ्या न घेणाऱ्या ज्या स्त्रियांनी ९ किलो किंवा जास्त वजन उतरवून ते टिकवलं, त्यांचा धोका वजन स्थिर असणाऱ्यांपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी होता. दोन ते साडेचार किलो उतरवणाऱ्यांनाही फायदा दिसला.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या दोन जनुकांची गोष्ट वेगळी, त्यांचा संबंध थेट कर्करोगाशी आहे. त्यांतल्या घातक बदलांमुळे ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. घरात तरुण वयात स्तनाचा किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाला भेटून ही तपासणी करावी की नाही ते ठरवा. वडिलांकडच्या आत्या आणि आजीचा इतिहासही सांगा. हा बदल वडिलांकडूनही येतो.

आणि रिपोर्ट कितीही चांगला आला, तरी मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) टाळू नका. हा कर्करोग होणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या घरात तो आधी कुणालाच झालेला नसतो. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, कातडी ओढली जाणं, बोंड आत वळणं किंवा त्यातून रक्त येणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.