भडंगाची पुडी कोण देतं?

मी सांगलीत बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या एका कार्यशाळेत निदेशक म्हणून रुजू झाले तेव्हा मेणबत्त्या, कागदी पिशव्या आणि राख्या एवढंच माझ्याकडे होतं. वजनकाटा कुणीतरी देणगीत दिलेला, कपाटाखाली धूळ खात पडलेला. तो मी बाहेर ओढला आणि पुढची अकरा वर्षं तो माझ्याच गळ्यात पडला. डी.एड. स्पेशल, म्हणजे विशेष शिक्षणाची पदविका करून, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी हातात घेऊन आलेल्या नव्या मुली मला हमखास विचारतात, "मॅडम, मोठ्या मुलांच्या वजनाचं काय करायचं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी शब्दांचा घोळ. ब्रिटनमधलं साहित्य वाचाल तर तिथे 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो ते. आपल्याकडे तोच शब्द वाचन-लेखनाच्या अडचणींसाठी, डिस्लेक्सियासाठी वापरतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दोन्ही वेगळे प्रकार आहेत. हे माहीत नसल्यामुळे मी पहिलं वर्षभर भलतेच लेख डाउनलोड करत होते.

दुसरा घोळ 'मुलं' या शब्दाचा. चौतीस वर्षांचा, दाढी पिकायला लागलेला माणूस आपल्या तोंडी 'मुलगा'च असतो. मग त्याला लहान मुलासारखंच भरवलंही जातं. मी त्यातल्या एकाला इथे दादा म्हणते, त्याचं नाव सांगणार नाही.

दादाला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त. उंची 152 सेंटिमीटर, वजन तेव्हा 71 किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तिशीच्या वर. आपल्या भारतीय लोकांसाठी 23च्या पुढे वजन जास्त आणि 25च्या पुढे लठ्ठपणा धरतात. दवाखान्यातल्या जुन्या तक्त्यावर 25 आणि 30 असेल तर फसू नका. डाउन सिंड्रोममध्ये उंचीच कमी असते, त्यामुळे मी एकट्या बीएमआयवर विसंबत नाही, टेलरची टेप घेऊन कंबरही मोजते. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली की मी लक्ष घालते.

आता माझी चूक सांगते. मी दादाच्या आईला बोलावलं आणि डब्याबद्दल चांगलं सुनावलं. तूप बंद, भात बंद, लाडू बंद. सहा महिने माउलीने इमानेइतबारे सगळं केलं, काटा ढिम्म हलला नाही. शेवटी ती दारातच रडली, "आता काय त्याचं तोंड शिवून टाकू का?" तेव्हा कुठे मला रक्त तपासायचं सुचलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, वाढलेलं निघालं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं फार नेहमीचं आहे, दरवर्षी तपासायला हवं, हे मी शिकताना वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. ज्या बाईसमोर ते आठवायला हवं होतं, तिच्यासमोर नाही आठवलं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी डॉक्टर, मग डबा. गोळ्यांची यादी मागून घ्या. चिडचिड, आक्रमकता यासाठी दिलेलं रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, ही औषधं भूक आणि वजन वाढवतात. पण पालकांना 'गोळी बंद करा' असं चुकूनही सांगू नका. फिटची गोळी अचानक सुटली तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर 'वजन सहा महिन्यांत इतकं वाढलं' एवढंच लिहून डॉक्टरांकडे पाठवा, निर्णय त्यांचा. इंग्लंडमध्ये अशा व्यक्तींना वयाच्या चौदाव्या वर्षापासून दरवर्षी आरोग्य तपासणी दिली जाते. आपल्याकडे ते आपणच घडवून आणायचं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं विमाकवच आहे, ओपीडीतल्या तपासण्याही त्यात बसतात. अनेक घरांनी कार्ड काढलेलंच नसतं. फॉर्म भरून देणं हेही आपलंच काम समजा.

आणि वजन न सांगता उतरलं तर खूश होऊ नका. दात दुखतोय, गिळताना ठसका लागतोय, पोट साफ होत नाही, यातलं काहीही असू शकतं आणि त्याला ते सांगता येत नसतं.

दादाच्या थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरक पडला आणि पुन्हा थांबला. तेव्हा मी शंभर पानी वही आणली आणि 'दिवसभरात कोण काय देतं' हे लिहायला लागले. काय खातो, हे नाही. कोण देतं, हे. सकाळी आईचा चहा, दोन चमचे साखर. रिक्षावाल्या काकांकडून भडंगाची पुडी, रोज, प्रेमाने. फाटकावरच्या शिपायाकडून अर्धा चहा. कुणाचा तरी वाढदिवस. आणि पिशव्यांचा गठ्ठा पूर्ण केला की चॉकलेट, जे द्यायची मी! शाळेत लहान वयात 'योग्य वर्तन दिसलं की लगेच खाऊ' हे आपणच शिकवतो, त्याला प्रबलन म्हणतो. तो खाऊ हळूहळू काढून घ्यायचा असतो, हे पुढचं पान कुणी उलटत नाही. दिवसाचे चार चहा म्हणजे आठ चमचे, साधारण 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहणं उत्तम मानते.

चॉकलेटच्या जागी मी टोकन आणलं. दहा टोकन झाले की हजेरीची घंटा वाजवायचा मान. दादाला तो चॉकलेटपेक्षा प्यारा निघाला.

भडंगाचं मात्र अवघड होतं. चुरमुरे हलके म्हणून भडंग हलकं, असं सगळेच धरून चालतात. तेल आणि शेंगदाणे कुणी मोजत नाही. काकांना थांबवता येईल, पण दादाला कार्यशाळेकडून थोडं मानधन मिळतं. ते पैसे त्याचे. चौतीस वर्षांच्या माणसाला त्याच्या पैशाने पुडी घेऊ नको म्हणणारी मी कोण? शेवटी त्याच्याशीच बोलले, चित्रं काढून. कॅलेंडरवर शनिवारी पुडीचं चित्र, बाकी दिवशी पेरू, काकडी, ताक. फळ कोणतं, ते रोज सकाळी तो चित्रांतून निवडतो. ताटाचंही तसंच. ताटावर मार्करने रेघा मारल्या, अर्ध्या भागात भाजी-कोशिंबीर, उरलेल्यात भाकरी आणि आमटी. 'कमी खा' हे त्याला कळत नाही, रेघ कळते.

व्यायामाला फार डोकं लावू नका. सकाळी आमराईत फेऱ्या, कधी आयर्विन पुलावरून सांगलीवाडीपर्यंत. पावसाळ्यात हॉलमध्ये लेझीम. लेझीमला कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही, ट्रेडमिलला सगळेच म्हणतील. एकच कडक सूचना: डाउन सिंड्रोम असलेल्यांना कोलांटी, शीर्षासन देऊ नका. मानेचे वरचे दोन मणके काहींच्यात सैल असतात.

प्राडर-विली सिंड्रोम (एक दुर्मिळ जनुकीय विकार) असलेली व्यक्ती आली तर यातलं बरंच लागू पडणार नाही. तिथे भूक भागल्याचा निरोपच मेंदूला नीट पोचत नाही. चोरून खाल्लं म्हणून रागावू नका, तज्ज्ञांना गाठा.

वर्षभरात दादा 71वरून 66वर आला. ऐकायला कमी वाटेल, पण पाच टक्के वजन उतरलं तरी बीपी-साखरेला फरक पडतो. हा आकडा कधीही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका. एकदा मी वाचला होता, दादा चार दिवस आला नाही.

गेल्या महिन्यात रिक्षावाले काका बदलले. नव्या काकांना वही दाखवायची माझ्याकडून राहून गेली आणि मंगळवारी दादाच्या शर्टाच्या खिशात शेंगदाण्याची सालं आणि तेलकट कागद सापडला. उद्या साडेनऊला फाटकावर उभी राहणार आहे.