कमी झालं, की नुसतं हललं?

प्रोग्रॅमिंग सोडून मी कंपनीच्या सस्टेनेबिलिटी टीममध्ये, म्हणजे कंपनीचा पर्यावरणावरचा परिणाम मोजून कमी करणाऱ्या टीममध्ये, आले तेव्हा वाटलं होतं, झाडं लावायची, शाळांना संगणक द्यायचे आणि वर्षाअखेरीस अहवाल काढायचा. पहिले तीन महिने मी वीजबिलं एक्सेलमध्ये भरत होते. या क्षेत्रात येणार असाल तर तुमच्याही वाट्याला हे येईल. कंटाळा आला तरी दुसऱ्यावर ढकलू नका, कारण मला या कामाची खरी समज आली ती त्या बिलांमुळेच.

एका कार्यालयाची वीज वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली होती. अहवालाच्या मसुद्यात आम्ही ही घट ठळक अक्षरांत छापली होती. काय काय केलं ते विचारून घ्यावं म्हणून मी तिथल्या फॅसिलिटी मॅनेजरांकडे गेले. त्यांनी सर्व्हर रूमचं दार उघडून दाखवलं. आत रिकामे रॅक, एसी बंद, फरशीवर जिथे यंत्रं उभी होती तिथे धुळीच्या चौकटी. "सर्व्हर भाड्याच्या डेटा सेंटरला गेले ना मॅडम, सहा महिने झाले."

वीज कमी झालीच नव्हती. ती दुसऱ्याच्या मीटरवर गेली होती.

इथे जीएचजी (हरितगृह वायू) प्रोटोकॉलची ओळख करून द्यायला हवी. कंपन्यांनी कार्बनचा हिशेब कसा मांडायचा, हे सांगणारं हे मानक २००१ मध्ये पहिल्यांदा आलं. आपण स्वतः जे जाळतो किंवा आपल्याकडून जे गळतं, म्हणजे जनरेटरचं डिझेल, कंपनीच्या गाड्या, एसीतला गॅस, ते स्कोप १. विकत घेतलेली वीज स्कोप २. बाकी सगळं स्कोप ३, आणि त्याचे १५ प्रकार आहेत: खरेदी केलेल्या वस्तू, विमानप्रवास, विकलेलं उत्पादन ग्राहकाकडे खाणारी वीज, असे. आमच्या हिशेबपद्धतीत भाड्याच्या जागेतले ते सर्व्हर स्कोप २ मधून उठून स्कोप ३ मध्ये बसत होते, आणि तिथे त्यांची नोंदच नव्हती.

डेटा सेंटरकडून महिन्याचे युनिट मिळवायला चार महिने मागे लागावं लागलं. त्यांचं कूलिंग आमच्यापेक्षा चांगलं होतं, त्यामुळे थोडी घट खरोखर निघाली. थोडीच. अहवालात तेवढीच छापली, आणि वरिष्ठांनी ती छापू दिली याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो.

तंत्रज्ञान कंपनीत स्कोप ३ कडे सर्वांत जास्त लक्ष द्या. लॅपटॉपचा बहुतांश कार्बन तो बनवतानाच हवेत गेलेला असतो. म्हणून तीन वर्षांनी बदलायचा लॅपटॉप पाच वर्षं चालवणं हे स्क्रीनचा उजेड कमी करा असे फलक लावण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत आपण कार्बन निगेटिव्ह होऊ, म्हणजे जेवढा कार्बन सोडतो त्याहून जास्त हवेतून काढून घेऊ. पण २०२० च्या तुलनेत आपलं उत्सर्जन सुमारे २९ टक्क्यांनी वाढलंय, हे त्यांनीच २०२४ च्या अहवालात लिहिलं. नव्या डेटा सेंटरचं बांधकाम, त्यात बसणारे सर्व्हर आणि चिप ही त्यामागची मोठी कारणं. हे अहवाल मुळातून वाचा, तळटिपांसकट.

सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांच्या, बाजूलाही हाच प्रश्न उभा राहतो. आम्ही एका संस्थेला जुने लॅपटॉप दिले, फोटो काढले, आकडा नोंदवला. काही महिन्यांनी गेले तर त्यातले बरेचसे कपाटात पडून होते. काहींच्या बॅटऱ्या फुगून झाकण उचललं गेलं होतं. आमचा ई-कचरा आम्ही दान म्हणून त्यांच्या दारात नेऊन टाकला होता. मला फार लाज वाटली. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. त्या उरलेल्या ढिगात आमचेही हात होते. आता देण्याआधी प्रत्येक बॅटरी तपासतो, चार्जर सोबत देतो, डेटा पुसल्याचा दाखला ठेवतो आणि बंद पडलेलं यंत्र आम्हीच परत नेऊ असं लेखी देतो.

तयारी काय करावी, असं बरेच जण विचारतात. पदवी कोणतीही चालते. एककांची चूक मात्र चालत नाही: लिटर की युनिट, किलो की टन, हे दर ओळीला बघायची सवय लावा. जीएचजी प्रोटोकॉलचं कॉर्पोरेट मानक फुकट मिळतं, ते एकदा पूर्ण वाचा. खरेदी विभागातल्या आणि फॅसिलिटीच्या लोकांशी ओळख वाढवा. मेलवर न मिळणारी माहिती त्यांच्या टेबलाशी पाच मिनिटं उभं राहिलं की मिळते.

आणि मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारायची संधी मिळाली, तर एवढं विचारा: मागच्या अहवालातला कोणता आकडा तुम्ही नंतर दुरुस्त केलात? समोरच्याने तो आकडा आणि तो का चुकला होता हे लगेच सांगितलं, तर पगार थोडा कमी असला तरी तिथे जा.