घड्याळाची चेन लोंबते, कारण ती झिजते

‘स्टील ताणलं गेलं’ असं आपण म्हणतो खरं, पण स्टील ताणलं जात नाही. कड्यांमधली पिन बारीक होते आणि तिचं भोक मोठं होतं. घाम, त्वचेचं तेल आणि धूळ यांचा लगदा सांध्यात बसतो आणि मनगट हललं की कानशीसारखा चालतो. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना उभं राहणाऱ्याच्या चेनमधून तर पिवळट चिखलच निघतो.

आधी तपासा. घड्याळ कुशीवर धरा, १२ आणि ६ आडव्या रेषेत, चेन हवेत मोकळी. नवी चेन जवळजवळ सरळ राहते, झिजलेली कमानीसारखी खाली वाकते. रोलेक्सच्या जुन्या ज्युबिली चेनसारख्या बारीक कड्यांच्या चेनमध्ये सांधे जास्त, त्यामुळे हे लवकर दिसतं. १८ कॅरेट सोनं स्टीलपेक्षा मऊ, तिथे आणखी लवकर.

धुणं महिन्यातून एकदा, एप्रिल-मेमध्ये पंधरवड्याला. शक्यतो चेन घड्याळापासून काढूनच धुवा. लग्जना (चेन जिथे अडकते ती घड्याळाची शिंगं) आतून टेप लावा, नाहीतर स्प्रिंग बार (चेन धरणारी स्प्रिंगची बारीक दांडी) काढायचं हत्यार घसरून ओरखडा पडणारच. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून चेन दहा मिनिटं भिजवा. मग मऊ टूथब्रशने कड्या वाकवून आतल्या बाजूने घासा. पाण्यात राखाडी ढग उतरतो, ती निव्वळ घाण नव्हे, थोडं स्टीलही आहे. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्याने, नाहीतर पांढरे डाग राहतात. कापडाने टिपून रात्रभर वाळू द्या. सांध्यात मशीनचं तेल सोडू नका, ते धूळ धरून ठेवतं. पितळेची भांडी घासायची पावडर तर जवळही नको, ब्रश फिनिशच्या (स्टीलवर मुद्दाम दिलेल्या) बारीक रेषा एका हातात जातात.

सैल चेन जास्त झिजते, कारण ती दिवसभर हिसके खाते. करंगळी जेमतेम शिरेल इतकी घट्ट हवी. थोडाच फरक असेल तर क्लॅस्पच्या (चेन बंद करायच्या खटक्याच्या) बाजूच्या भोकांत स्प्रिंग बार सरकवा, कडी काढायची गरज नाही. कडी काढायचीच असेल तर आतल्या बाजूचा बाण पाहा: पिन बाणाच्या दिशेने बाहेर, परत बसवताना उलट दिशेने, चिरलेलं टोक शेवटी. काही ओमेगा चेनमध्ये पिनसोबत बारीक नळी असते. ती टेबलाखाली गेली तर पिन टिकत नाही, म्हणून पांढऱ्या ट्रेमध्ये काम करा.

पिनऐवजी स्क्रूने जोडलेल्या चेनला खाचेत अगदी चपखल बसेल असाच स्क्रूड्रायव्हर हवा. स्क्रू अडला तर जोर नको, आतला गोंद घट्ट असतो. वेगळी काढलेली चेन हेअर ड्रायरने गरम करा आणि पुन्हा प्रयत्न करा. बसवताना आट्यांवर जांभळं लॉकटाइट २२२ (स्क्रू धरून ठेवणारा हलका गोंद), टाचणीच्या टोकाएवढंच. ते सांध्यात उतरलं तर कडी ताठ होते.

स्प्रिंग बार दोन-तीन वर्षांनी बदला, घड्याळ पडतं ते बहुतेक त्यांच्यामुळेच. पत्रा दुमडून केलेल्या जुन्या कड्या पक्कडीने दाबून कुणी ‘घट्ट करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. काही दिवस बरं वाटतं, पण कडी चेपते आणि भोक अंडाकृतीच राहतं. खरी दुरुस्ती म्हणजे नव्या पिना आणि भोकांत बुश (आतून बसवलेली बारीक नळी), तेही चेनचंच काम करणाऱ्याकडून.