बेडकुळी, गोळा आणि अस्थी

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षातली पहिली तोंडी परीक्षा. मॅडमनी नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग चहा घेणार का विचारावं तितक्या सहज विचारलं, "माणूस गेल्यावर काही तासांनी प्रेत ताठ का होतं रे?"

मी म्हणालो, "अंग गार पडतं, म्हणून."

"मग थंडीत पहाटे तूही ताठ होत असशील."

५० पैकी १४ मिळाले. गंमत अशी की स्नायूच्या आकुंचनाची अख्खी आकृती मला पाठ होती. ए बँड, आय बँड, झेड लाइन, म्हणजे स्नायूच्या तंतूतले पट्टे आणि रेघा, सगळं डोळे मिटून काढून दिलं असतं. उत्तर त्याच आकृतीत होतं, हे तेवढं कळलं नव्हतं. आता पहिल्या वर्षाची पोरं "सर, फिजिओलॉजी कशी करायची?" असं विचारतात, तेव्हा मी हे १४ मार्क आधी सांगून टाकतो. पाठांतरानं फिजिओलॉजी होत नाही असं नाही म्हणत मी, मार्कांपुरती होतेही. पण कुणी "का?" विचारलं की घसा कोरडा पडतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांचं पहिलं भांडण शब्दांशी असतं. माझंही होतं. दहावीपर्यंत तंतुकणिका, मग एकदम मायटोकॉन्ड्रिया. वाटायचं, जुनं सगळं फेकून द्यावं. फेकू नका. मायटोकॉन्ड्रियाची ग्रीक फोड धागा आणि कण अशीच आहे, म्हणजे तंतुकणिका हे जसंच्या तसं भाषांतर. हाडाच्या शब्दांपुढे लागणारं 'ऑस्टिओ' आणि आपली 'अस्थी' ही एकाच कुळातली भावंडं. आणि मसल? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटा उंदीर. त्यांना दंडात उंदीर पळताना दिसला, आपल्याला बेडूक दिसला. म्हणून तर आपण "बेडकुळी काढून दाखव" म्हणतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणार असाल तर तिकडे पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि स्नायू म्हणजे आपला मज्जातंतू. आपली पेशी तिकडे कोशिका होते. माझ्या रूममेटनं यात एक अख्खी रात्र घालवली होती.

पेशीच्या धड्यावर फार दिवस घालवू नका. तिच्या भागांची यादी बारावीपर्यंत झालेली असते. एकच गोष्ट घट्ट करा, ती म्हणजे आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप. तो एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मोजतो. झोपेत, जागेपणी, अखंड. त्यामुळे आत-बाहेर जो फरक तयार होतो तो धरणात अडवलेल्या पाण्यासारखा असतो. मज्जातंतूचा संदेश म्हणजे त्या धरणाचं दार क्षणभर उघडणं. डेन्मार्कच्या येन्स स्को यांना १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप सापडला. नोबेल मिळालं १९९७ मध्ये. आपल्याला एका सेमिस्टरमध्ये कळला नाही तर फार मनाला लावून घेऊ नये.

आता स्नायू. इथे घाई करू नका.

दोन फण्या समोरासमोर धरा आणि दात एकमेकांत सरकवा. फणीचा एकही दात आखूड झाला नाही, तरी जोडीची लांबी कमी झाली. स्नायू असाच आखडतो. ए बँडची, म्हणजे जाड तंतूंच्या पट्ट्याची, लांबी आकुंचनात बदलत नाही, नुसत्या बारीक तंतूंचा आय बँड मात्र लहान होतो, या निरीक्षणावरून १९५४ साली दोन वेगळ्या गटांनी हे ओळखलं. दोन्ही निबंध 'नेचर'च्या एकाच अंकात आले. दोन्ही गटांत एकेक हक्सली होता आणि ते एकमेकांचे कुणी लागत नव्हते. तोंडी परीक्षेला हे सांगितलंत तर परीक्षक खूश होतात, अनुभवाने सांगतो.

पण तंतू सरकवतं कोण? विहिरीतून घागर शेंदणारा माणूस आठवा. दोर पकडतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पुढे पकडतो. मायोसिन या जाड तंतूची डोकी ॲक्टिन या बारीक तंतूचा दोर अशीच शेंदतात. आधी दोरावर झाकण असतं. पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटलं की ते झाकणाला जोडलेल्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, झाकण सरकतं आणि पकडायला जागा मोकळी होते. माझी गाडी पुढच्या पायरीवर अडायची. एटीपी लागतो तो ओढायला, असं मी धरून चाललो होतो. खरं तर एटीपी येऊन चिकटल्याशिवाय डोकं दोर सोडतच नाही. मग तो एटीपी फोडून ते पुढच्या पकडीसाठी ताणून तयार होतं.

हे समजलं त्या रात्री मॅडमचा प्रश्न आपोआप सुटला. माणूस गेला की नवा एटीपी बनत नाही. साठ्यातलं कॅल्शियम झिरपून बाहेर येतं, डोकी दोर पकडतात आणि सोडवायला कुणीच नसतं. दोन-चार तासांत ताठरपणा येऊ लागतो, साधारण बारा तासांत पूर्ण होतो. पुढे अंग सैल पडतं ते पकड सुटल्यामुळे नव्हे. दोरच कुजायला लागतो.

प्रॅक्टिकलमध्ये एर्गोग्राफ येईल. इटलीच्या आंजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकात बनवलेलं हे यंत्र. हात पट्ट्यांनी बांधायचा, मधल्या बोटात फास अडकवायचा आणि मेट्रोनोमच्या, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर वजन उचलत राहायचं. मी बसलो होतो. पहिले वीस-पंचवीस झटके राजासारखे. मग कागदावरच्या रेघा बुटक्या होत गेल्या आणि बोट माझं असूनही माझं ऐकेना. पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर दंडाला बीपीचा पट्टा फुगवून पुन्हा तेच केलं. यावेळी रक्तच बंद, त्यामुळे निम्म्यातच खेळ आटोपला. तिसऱ्या फेरीला पट्टा नव्हता, पण मित्र मागून ओरडत होते, "ओढ, ओढ, अजून एक!" आणि खरंच रेघा वाढल्या. थकवा स्नायूत किती आणि डोक्यात किती, यावर पुस्तकात दोन पानं आहेत. ती त्या कागदाकडे बघत वाचा.

याच धड्याला जोडून एक गैरसमज काढून टाका. गड चढून आलं की आपण म्हणतो, अंग आंबलं. शब्द इतका चपखल की लॅक्टिक ॲसिडचं स्पष्टीकरण लगेच पटतं. पण ते ॲसिड तासा-दीड तासात रक्तातून निघून गेलेलं असतं. मग राजगड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या का बोंबलतात? कारण उतरताना मांडीचा स्नायू आखडायचा प्रयत्न करतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि ती दुखायला एक-दोन दिवस लागतात. चढण दम काढते, उतार मांड्या काढतो.

हाडांचा धडा मला वर्गात कळला नाही. आजोबा गेले त्या वर्षी अस्थी सावडायला गेलो होतो. मांडीचं हाड, शरीरातलं सगळ्यात मजबूत म्हणून पाठ केलेलं, उचलताना बोटांत खडूसारखं चुरलं. त्या क्षणी धडा आठवावा हे बरं नव्हे, पण आठवला. हाडात दोन गोष्टी असतात, कोलॅजेनचे चिवट धागे आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे कठीण क्षार. अग्नीत धागे जळतात, उरतात ते नुसते क्षार, आणि ते ठिसूळ. उलटा प्रयोग नंतर होस्टेलवर केला. कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून व्हिनेगरमध्ये ठेवलं, दोन दिवसांनी व्हिनेगर बदललं. आठवड्याभरात क्षार विरघळले आणि हाड रबरासारखं वाकलं. रेक्टरनी बाटली बघितली तेव्हाचं संभाषण इथे देत नाही.

मोठ्या माणसात २०६ हाडं, हा आकडा सगळ्यांना येतो. हाड जिवंत असतं आणि रोज पाडून रोज बांधलं जातं, हे विसरलं जातं. ऑस्टिओक्लास्ट पाडणारे, ऑस्टिओब्लास्ट गवंडी. काम कुठे वाढवायचं ते भार ठरवतो. हे यूलियस वोल्फ या जर्मन सर्जननी १८९२ साली मांडलं. अंतराळवीरांच्या अंगावर भारच नसतो, त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते.

आणि हाड ही कॅल्शियमची बँकही आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम तिथे असतं. रक्तात जेमतेम ९ ते ११ मिलिग्रॅम दर १०० मिलिलिटरला, पण तो आकडा सांभाळायला शरीर हाड झिजवायलाही मागेपुढे बघत नाही. इथे हमखास एक प्रश्न येतो. स्नायू आखडायला कॅल्शियम लागतं, मग रक्तातलं कॅल्शियम कमी झाल्यावर स्नायू ढिले पडायच्या ऐवजी हाताची बोटं वाकडी आखडतात, ते का? आखडायला लागणारं कॅल्शियम पेशीच्या आतल्या साठ्यातलं. बाहेरचं कॅल्शियम मज्जातंतूच्या सोडियमच्या दारांना आवर घालतं. ते कमी झालं की दारं जराशा धक्क्यानं उघडतात आणि बोलावल्याशिवाय संदेश सुटतात. मला हे समजायला दुसरी परीक्षा गेली. ३१ मिळाले.

इंटर्नशिपमध्ये एक शेतकरी काका आले. दंडाचं हाड मोडलेलं, सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलेलं. हात दुसऱ्या हाताच्या मानाने काटकुळा झाला होता. त्यांची तक्रार एकच, "एक्स-रेत हाड जुळलंय म्हणतात, मग हात उचलत का न्हाई?" मी वापर नसल्यानं स्नायूचे तंतू कसे बारीक होतात, सांध्याभोवतीचं आवरण कसं आखडतं, असं बरंच काही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी बैल दोन महिने गोठ्यात बांधलेला. पहिल्याच दिवशी नांगराला जुंपायचा न्हाई, एवढंच ना?"

"एवढंच, काका."

"मग असं मराठीत सांगा की."